वायमार जर्मनी (१९१८ ते १९३३): महागाई, उभारी आणि ऱ्हास, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन महायुद्धांमधल्या जर्मनीबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. त्यातले जवळजवळ निम्मे एकाच समजुतीतून येतात: १९२३ ची महागाई झाली आणि लगेच हिटलर आला. मधली दहा वर्षं बहुतेकांच्या हिशेबातच नसतात. खरी गोष्ट त्या दहा वर्षांत आहे, म्हणून त्यांना इथे जास्त जागा दिली आहे.

१. राजधानी बर्लिन होती, मग ‘वायमार प्रजासत्ताक’ हे नाव कसं पडलं?

१९१९ च्या सुरुवातीला बर्लिनच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता. त्यामुळे नव्याने निवडून आलेली घटना समिती फेब्रुवारीत थुरिंगियामधल्या वायमार या शांत गावी भरली. हे गटे आणि शिलर यांचं गाव. तिथे तयार झालेल्या राज्यघटनेवर ११ ऑगस्ट १९१९ रोजी सही झाली आणि त्या गावाचं नाव इतिहासात पूर्ण कालखंडाला चिकटलं. देशाचं अधिकृत नाव मात्र ‘जर्मन राइश’ असंच राहिलं.

या समितीसाठी १९ जानेवारी १९१९ रोजी झालेल्या निवडणुकीत जर्मन स्त्रियांनी देशपातळीवर पहिल्यांदा मतदान केलं. प्रजासत्ताकाच्या बाजूच्या तीन पक्षांना मिळून तीन चतुर्थांश मतं पडली. जून १९२० च्या निवडणुकीत त्यांचं बहुमत गेलं आणि ते त्यांना पुन्हा कधीच मिळालं नाही.

२. कैसर गेल्यावर सत्ता नेमकी कोणाच्या हाती आली?

नोव्हेंबर १९१८ च्या सुरुवातीला कील बंदरातल्या नौसैनिकांनी बंड केलं आणि ते आठवड्याभरात देशभर पसरलं. ९ नोव्हेंबरला कैसर दुसरा विल्हेल्म याने गादी सोडल्याचं जाहीर झालं आणि तो नेदरलँड्समध्ये आश्रयाला गेला. त्याच दिवशी बर्लिनमध्ये दोन घोषणा झाल्या. सोशल डेमोक्रॅट फिलिप शायडेमान याने संसदेच्या, म्हणजे राइश्टागच्या इमारतीतून प्रजासत्ताक जाहीर केलं, तर कार्ल लीबक्नेख्त याने राजवाड्यावरून समाजवादी प्रजासत्ताक.

सत्ता आली सोशल डेमोक्रॅट नेता फ्रिड्रिश एबर्टकडे. डाव्यांचा उठाव मोडायला त्याच्या सरकारने जुन्या सैन्याची आणि ‘फ्रायकोर’ या खाजगी सशस्त्र टोळ्यांची मदत घेतली. १५ जानेवारी १९१९ रोजी रोझा लक्झेम्बुर्ग आणि लीबक्नेख्त यांना पकडून ठार मारण्यात आलं. ही जखम पुढे किती महागात पडली, ते प्रश्न १३ मध्ये आलं आहे.

३. जर्मन सैन्य रणांगणावर हरलंच नव्हतं, घरच्यांनी पाठीत सुरा खुपसला, असं वाचलं. यात तथ्य आहे का?

अजिबात नाही. सप्टेंबर १९१८ च्या शेवटी जनरल लुडेनडॉर्फ यानेच ताबडतोब युद्धबंदी मागायला सांगितलं, कारण आघाडी केव्हा तुटेल याचा भरवसा उरला नव्हता. पण युद्धबंदीच्या कागदावर सही करायला सेनापती गेले नाहीत. ती ११ नोव्हेंबरला मुलकी नेता मातियास एर्झबर्गर याला करावी लागली. पुढच्याच वर्षी युद्धातला सरसेनापती आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग याने चौकशी समितीपुढे पाठीतल्या सुऱ्याची गोष्ट सांगितली आणि ती लाखो लोकांनी खरी मानली.

एर्झबर्गरचा ऑगस्ट १९२१ मध्ये खून झाला. परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ याचा जून १९२२ मध्ये. दोन्ही खून अतिउजव्या गुप्त संघटनेच्या माणसांनी केले. एका खोट्या गोष्टीने एका राज्यव्यवस्थेचं इतकं नुकसान केल्याचं उदाहरण विसाव्या शतकात शोधून सापडणं कठीण आहे.

४. व्हर्सायच्या तहातल्या नुकसानभरपाईनेच जर्मनीचं कंबरडं मोडलं ना?

भरपाईचं ओझं खरं होतं, पण १३२ अब्ज सुवर्ण मार्क हा मे १९२१ मध्ये ठरलेला आकडा फसवा आहे. त्यातले ८२ अब्ज ‘क’ वर्गाच्या रोख्यांत ठेवले होते आणि ते कधी वसूल होतील अशी दोस्तांच्या जाणकारांनाही अपेक्षा नव्हती. जिंकलेल्या देशांतल्या मतदारांना मोठा आकडा दाखवणं राजकारण्यांना गरजेचं होतं. प्रत्यक्ष मागणी ५० अब्जांची होती. १९३२ पर्यंत जर्मनीने सुमारे २० अब्ज दिले असावेत, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे.

तहात जर्मनीने सुमारे १३ टक्के प्रदेश आणि १० टक्के लोकसंख्या गमावली, सैन्य एक लाखावर आलं. पण लोकांच्या मनाला जास्त लागलं ते २३१ वं कलम. त्यात युद्धाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली होती. पैशापेक्षा हा अपमान राजकारणात जास्त काळ वापरला गेला.

५. सरकारने एवढ्या नोटा का छापल्या? त्यांना परिणाम कळत नव्हते का?

सुरुवात युद्धातच झाली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं गेलं आणि युद्धाचा खर्च करांऐवजी मुख्यतः जनतेकडून घेतलेल्या कर्जावर चालला. जिंकल्यावर हरलेल्यांकडून वसूल करू, हा हिशेब होता. १९१४ मध्ये डॉलरला ४.२ मार्क पडत होते, १९१९ च्या सुरुवातीला सुमारे ९ झाले.

युद्धानंतर विधवा, जखमी सैनिक, घरी परतलेले कामगार यांचा खर्च होता. कर वाढवायला श्रीमंत तयार नव्हते आणि दुबळी सरकारं त्यांना दुखवायला धजत नव्हती. छापखाना हा सगळ्यांना पटणारा मार्ग ठरला. शिवाय सुरुवातीला तो चालतही होता: १९२२ मध्ये ब्रिटनमध्ये मोठी बेकारी असताना जर्मनीत जवळजवळ प्रत्येकाला काम होतं.

जानेवारी १९२३ मध्ये सगळं हाताबाहेर गेलं. तारेच्या खांबांसाठीचं लाकूड आणि कोळसा ठरल्याप्रमाणे दिला नाही, म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमने ११ जानेवारीला रूर हा कोळशाचा आणि पोलादाचा प्रदेश व्यापला. जर्मन सरकारने तिथल्या लोकांना काम बंद ठेवायला सांगितलं आणि त्यांचे पगार नोटा छापून दिले. उत्पादन थांबलं, खर्च वाढला. जुलै १९२२ मध्ये डॉलर सुमारे ५०० मार्कांना होता. जानेवारी १९२३ मध्ये १८ हजारांना, जुलैमध्ये साडेतीन लाखांना आणि २० नोव्हेंबरला ४ लाख २० हजार कोटी मार्कांना.

राइश्सबँक या मध्यवर्ती बँकेचा अध्यक्ष रुडोल्फ हावेनश्टाइन नोटा कमी पडतात म्हणून आणखी छापखाने कामाला लावत राहिला. किंमती वाढल्या म्हणून नोटा लागतात, नोटांमुळे किंमती वाढत नाहीत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

६. मग लोक रोजचा व्यवहार कसा करत होते?

नोव्हेंबर १९२३ मध्ये बर्लिनमध्ये एक पाव सुमारे २० हजार कोटी मार्कांना मिळत होता. पगार रोज, कधी दिवसातून दोनदा दिला जाई आणि घरचं माणूस तो घेऊन थेट दुकान गाठे, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदलत. शेतकरी नोटा घ्यायला तयार नसल्याने शहरवासी दागिने, कपडे, पियानोसुद्धा देऊन बटाटे आणत. नगरपालिका आणि कारखाने स्वतःच्या आपत्कालीन नोटा काढत होते. घाई इतकी की अनेक नोटा एकाच बाजूने छापलेल्या असत.

७. या महागाईत सगळेच भिकेला लागले का?

नाही, आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं राजकारण कळत नाही. ज्यांच्यावर कर्ज होतं ते सुटले. गहाण जमिनीचे शेतकरी, घरमालक, कर्ज काढून कारखाने विकत घेणारे उद्योगपती फायद्यात राहिले. ह्युगो स्टिनेस याने याच काळात प्रचंड साम्राज्य उभं केलं. सगळ्यात मोठा कर्जदार होतं सरकार: युद्धासाठी जनतेकडून घेतलेलं सगळं कर्ज पावाच्या तुकड्याच्या किंमतीचं झालं.

बुडाले ते ज्यांनी काटकसरीने साठवलं होतं. निवृत्त शिक्षक, विधवा, विमा काढलेले कारकून, आणि देशप्रेमाने युद्धरोखे घेतलेली माणसं. १९२५ च्या कायद्याने जुन्या गहाणखतांची २५ टक्के किंमत मान्य केली, पण सरकारी युद्धरोख्यांची अडीच टक्केच. या माणसांनी प्रजासत्ताकाला कधीच क्षमा केली नाही. मध्यमवर्गी पक्षांची मतं १९२४ नंतर हळूहळू लहान गाऱ्हाण्यांच्या पक्षांकडे विखुरली, आणि १९३० नंतर ती कुठे गेली ते प्रश्न ११ मध्ये आहे.

८. नवीन नोट काढली आणि महागाई थांबली, हे कसं शक्य आहे? नोट तर कागदाचीच होती!

रेंटेनमार्क ही नोट १५ नोव्हेंबर १९२३ रोजी आली आणि पाच दिवसांनी तिचा भाव एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक असा ठरला. तिला देशातल्या शेतजमिनीचं आणि उद्योगांचं तारण आहे असं सांगितलं गेलं. पण नोट घेऊन गेलं तर कोणी तुम्हाला शेत देणार नव्हतं. लोकांचा विश्वास बसायला तारणाची गोष्ट उपयोगी पडली, तरी खरं काम दुसऱ्याच तीन गोष्टींनी केलं.

नोटांच्या एकूण संख्येवर कायद्याने पक्की मर्यादा घातली गेली. राइश्सबँकेने सरकारी हुंड्यांवर पैसे देणं बंद केलं, म्हणजे छापखान्याची वाटच बंद झाली. आणि चलन आयुक्त ह्याल्मार शाख्त याने मर्यादा वाढवण्याच्या सगळ्या मागण्या ठामपणे नाकारल्या. अर्थमंत्री हान्स लुथर याने मोठ्या संख्येने सरकारी नोकर कमी केले, कर सोन्याच्या भावाने मोजायला सुरुवात केली. ऑगस्ट १९२४ मध्ये कायमचा राइश्समार्क आला.

याआधीचं सगळ्यात धाडसाचं काम मात्र गुस्टाव्ह श्ट्रेझेमानचं. ऑगस्टमध्ये चान्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाल्यावर त्याने २६ सप्टेंबरला रूरमधला असहकार मागे घेतला. देशद्रोही म्हणून शिव्या खाव्या लागतील हे ठाऊक असूनही घेतलेला हा निर्णय नसता, तर रेंटेनमार्कचीही तीच गत झाली असती.

९. १९२४ ते १९२९ ही ‘सोन्याची वर्षं’ खरंच सोन्याची होती का?

अर्धी. १९२४ च्या डॉस योजनेने भरपाईचे हप्ते पेलतील असे केले, पहिल्या वर्षाला एक अब्ज आणि पुढे वाढत अडीच अब्जांपर्यंत. सोबत ८० कोटी सुवर्ण मार्कांचं परदेशी कर्ज मिळालं. १९२५ च्या लोकार्नो करारांनी पश्चिम सीमेवरचा तणाव निवळला, १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात आली आणि श्ट्रेझेमान आणि फ्रान्सचा ब्रियाँ या दोन परराष्ट्रमंत्र्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

मला या काळातलं घरबांधणीचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. महागाईत ज्यांचं गहाण कर्ज विरघळलं, त्या घरमालकांवर खास कर बसवला गेला आणि त्यातल्या मोठ्या वाट्यातून कामगारांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. बर्लिनमधली ब्रूनो टाउटची घोड्याच्या नालेच्या आकाराची वसाहत आजही लोक राहतात अशी आहे आणि जागतिक वारशात मोडते. १९२७ मध्ये बेकारी विम्याचा कायदा झाला.

उरलेला अर्धा भाग चिंतेचा. शेतमालाचे भाव पडलेले होते आणि उत्तरेकडचे शेतकरी पुन्हा कर्जात बुडत होते. बरी वर्षं धरली तरी बेकारांचा आकडा हिवाळ्यात दहा लाखांपलीकडे जाई. आणि सगळी उभारी परदेशी कर्जावर होती. अमेरिकी बँका जर्मनीला कर्ज देत, जर्मनी त्यातून ब्रिटन-फ्रान्सला भरपाई देई, आणि ते देश अमेरिकेचं युद्धकर्ज फेडत. यातलं पुष्कळ कर्ज अल्पमुदतीचं होतं, पण नगरपालिकांनी ते दीर्घ मुदतीच्या कामांत गुंतवलं होतं. श्ट्रेझेमानने स्वतः याबद्दल धोक्याची सूचना दिली होती. तो ३ ऑक्टोबर १९२९ रोजी वारला, न्यूयॉर्कचा बाजार कोसळण्याच्या तीन आठवडे आधी.

१०. मंदीत सरकारने खर्च वाढवायचा सोडून कापला का?

मार्च १९३० मध्ये हेर्मान म्युलरचं सरकार पडलं ते बेकारी विम्याची वर्गणी किती वाढवायची यावरून. पुढचा चान्सेलर हाइन्रिश ब्रूनिंग याने पगार, पेन्शन, भत्ते कापले आणि कर वाढवले. डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमाने तर मजुरी जानेवारी १९२७ च्या पातळीवर खाली आणली.

त्याच्यापुढे अडचणी होत्या हे मान्य करायला हवं. डॉस योजनेच्या जागी आलेल्या भरपाईच्या यंग योजनेखाली मार्कचं सोन्याशी नातं तोडता येत नव्हतं, परदेशातून कोणी कर्ज देत नव्हतं, आणि नोटा वाढवू म्हटलं की १९२३ ची भीती प्रत्येकाच्या मनात उभी राहत होती. भरपाई देणं अशक्य आहे हे जगाला दाखवायचा त्याचा हेतूही होता. पण किंमत फार मोठी पडली. जुलै १९३१ मध्ये डानाट बँकेने दारं बंद केली आणि सरकारला काही दिवस देशभरच्या बँका बंद ठेवाव्या लागल्या. १९३२ च्या सुरुवातीला नोंदवलेले बेकार ६० लाखांवर गेले. नोंद न केलेले वेगळेच.

त्या जुलैनंतर दुसरा मार्ग घेता आला असता असं माझं मत आहे. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सोन्याचं बंधन सोडलं होतं आणि भरपाईचे हप्ते अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हूव्हर याच्या सवलतीने आधीच थांबले होते.

११. महागाईमुळेच हिटलर सत्तेवर आला, बरोबर?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आकडे सरळ आहेत. महागाईच्या शिखरावर, ८ आणि ९ नोव्हेंबर १९२३ ला हिटलरने म्युनिकमध्ये बंड केलं आणि ते एका दिवसात फसलं. मे १९२८ च्या निवडणुकीत, चलन चार वर्षं स्थिर असताना, नाझींना २.६ टक्के मतं आणि १२ जागा मिळाल्या. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि १०७ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर आणि २३० जागा. म्हणजे ही झेप भाव पडत असताना, पगार कापले जात असताना आणि कारखाने बंद होत असताना घेतलेली आहे.

महागाईचा वाटा आडून आला: तिने मध्यमवर्गाचा राज्यावरचा विश्वास संपवला (प्रश्न ७) आणि नंतरच्या सरकारांना हात सैल सोडू दिला नाही (प्रश्न १०).

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. बेकार कामगार मोठ्या प्रमाणात कम्युनिस्टांकडे गेले. नाझींना भरभरून मतं दिली ती प्रॉटेस्टंट ग्रामीण भागाने आणि लहान गावांतल्या दुकानदार-कारकुनांनी, ज्यांना आपलीही तीच गत होईल अशी धास्ती होती. कॅथलिक भागांत त्यांना बरीच कमी मतं मिळाली.

१२. हिटलर निवडणूक जिंकूनच आला ना? मग दोष लोकांचा नाही का?

मुक्त निवडणुकीत त्याला कधीच बहुमत मिळालं नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये तर नाझींच्या ३४ जागा कमी होऊन १९६ उरल्या. ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याची नेमणूक केली, कारण माजी चान्सेलर फ्रांत्स फॉन पापेन आणि त्याच्या वर्तुळाला वाटलं की आपण त्याला ताब्यात ठेवू. मंत्रिमंडळात हिटलर धरून फक्त तीन नाझी होते. २७ फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली, दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क स्थगित झाले. दहशतीखाली झालेल्या ५ मार्चच्या निवडणुकीतही नाझींना ४३.९ टक्केच मतं पडली.

२३ मार्चला सरकारला सर्वाधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधी मतं फक्त सोशल डेमोक्रॅट सदस्यांची होती, सभागृहात नाझींचे हत्यारबंद स्वयंसेवक उभे असताना दिलेली. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. मतदारांची जबाबदारी आहेच, पण दार आतून उघडलं गेलं.

१३. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट मिळून नाझींपेक्षा मोठे होते. ते एकत्र का आले नाहीत?

नोव्हेंबर १९३२ मध्ये दोघांच्या मिळून २२१ जागा होत्या, हे खरं. पण कम्युनिस्टांच्या लेखी सोशल डेमोक्रॅट म्हणजे लक्झेम्बुर्गचे मारेकरी पोसणारे (प्रश्न २), आणि मॉस्कोचं धोरण त्यांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ ठरवून मुख्य शत्रू मानायला सांगत होतं. सोशल डेमोक्रॅटांना कम्युनिस्ट लोकशाही बुडवायला निघालेले वाटत, आणि ती भीतीही निराधार नव्हती. मार्च १९२० मध्ये काप्पचं लष्करी बंड सार्वत्रिक संपाने काही दिवसांत मोडलं होतं. १९३३ मध्ये साठ लाख बेकार दारात उभे असताना संपाचं हत्यारच बोथट झालं होतं.

१४. सगळा दोष घटनेतल्या ४८ व्या कलमाचा होता का?

हे कलम राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत वटहुकूम काढू देत होतं. राष्ट्राध्यक्ष असताना एबर्टने ते १९२३ मध्ये अनेकदा वापरलं आणि प्रजासत्ताक वाचवलं. त्या शरद ऋतूत सॅक्सनी, हाम्बुर्ग, ऱ्हाइनलँड, म्युनिक असं चहूकडे पेटलं होतं. हिंडेनबुर्गने तेच कलम संसदेला बाजूला सारायला वापरलं. १९३१ मध्ये संसदेने ३४ कायदे केले आणि वटहुकूम निघाले ४४. पुढच्या वर्षी संसदेचे कायदे फक्त ५ होते. कलम तेच, खुर्चीतला माणूस वेगळा. लहान पक्षांच्या गर्दीला जबाबदार धरली जाणारी मतांच्या प्रमाणात जागा देणारी निवडणूक पद्धतही याच न्यायाने पाहावी.

१५. काही का असेना, हिटलरने बेकारी तर संपवली?

बेकारी १९३३ च्या ६० लाखांवरून १९३६ पर्यंत साधारण दहा-पंधरा लाखांवर आली. यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत. मंदीचा तळ १९३२ मध्येच गाठून झाला होता आणि पापेन, श्लायशर यांच्या सरकारांनी कामांच्या योजना सुरू केल्या होत्या. १९३२ च्या लोझान परिषदेने भरपाईही व्यवहारात संपली होती. हिटलरच्या हाती उतार संपलेला रस्ता आला.

दुसरं, मोजणी. नोकरी सोडणाऱ्या नवविवाहितेच्या संसाराला एक हजार मार्कांपर्यंत कर्ज मिळे, ज्यूंना नोकऱ्यांतून काढलं, १९३५ पासून तरुण सक्तीने सैन्यात गेले.

तिसरं, पैसा. शाख्तने ‘मेफो’ नावाच्या नावापुरत्या कंपनीच्या हुंड्या काढून सुमारे १२ अब्ज मार्कांचा शस्त्रखर्च अंदाजपत्रकाबाहेर लपवला. कामगार संघटना २ मे १९३३ रोजीच मोडल्या होत्या आणि मजुरी मंदीच्या पातळीवर गोठवली होती. शस्त्रनिर्मिती आवरा म्हणणाऱ्या शाख्तलाच शेवटी जावं लागलं. ही उभारी युद्धासाठी होती, आणि युद्ध न होता ती फार काळ टिकणारी नव्हती.

१६. ऑटोबान तरी हिटलरची कल्पना ना?

नाही. ऑटोबान म्हणजे द्रुतगती महामार्ग, आणि कोलोन ते बॉन हा तसा रस्ता ऑगस्ट १९३२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. कोलोनचा महापौर होता कोनराड आडेनाउअर, युद्धोत्तर पश्चिम जर्मनीचा पहिला चान्सेलर.

१७. त्या काळात जर्मनीत कोणी मराठी माणसं होती का?

होती. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि डालेममधल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. कवटीच्या असमानतेवरून वंशश्रेष्ठता दिसते का, हा विषय होता. बाईंच्या मोजमापांतून तसा काहीही पुरावा निघाला नाही आणि त्यांनी तो निष्कर्ष तसाच मांडला. पुढे नाझी वंशविचारांना आधार देणाऱ्या प्राध्यापकापुढे हे करायला मोठं धैर्य लागतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. शिक्षण त्यांनी लंडनमध्ये पूर्ण केलं. चलन किती काढायचं यावर पक्की मर्यादा हवी, असा आग्रह धरणाऱ्या रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधाला डी.एस्सी. पदवी मिळाली ते साल १९२३.

१८. नुकसानभरपाई पूर्ण फिटली का?

भरपाई म्हणून नाही, ती लोझानला संपली. पण डॉस आणि यंग योजनांसाठी विकलेले रोखे हे वेगळं कर्ज होतं. हिटलरने त्यांची फेड थांबवली, पश्चिम जर्मनीने १९५३ च्या लंडन करारात ते पुन्हा मान्य केलं आणि थकलेल्या व्याजाचा काही भाग एकीकरणानंतर द्यायचं ठरलं. शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला गेला.

१९. घरी जुन्या संग्रहात १९२३ ची कोट्यवधी मार्कांची नोट सापडली. बँकेत बदलून मिळेल का?

नाही. त्या नोटा १९२५ च्या मध्यापर्यंत चलनातून पूर्ण बाद झाल्या. संग्राहकांच्या बाजारातही त्यांतल्या बहुतेकांना फार किंमत नाही, कारण त्या प्रचंड संख्येने छापल्या गेल्या आणि निरुपयोगी म्हणून तशाच पडून राहिल्या. अगदी शेवटच्या, फार मोठ्या आकड्यांच्या नोटा आणि सुरुवातीचे रेंटेनमार्क तुलनेने दुर्मीळ आहेत. तशी नोट असेल तर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि विकण्याआधी नाणी-नोटांच्या जाणकाराला दाखवा.